सगळी उजवीच पावलं

माझं अक्षर वाईट आहे, ते मला माहीत आहे. कुठे कोणती वेलांटी द्यायची ते अजून नीट कळत नाही, आणि ओळ चढावर लागल्यासारखी वर वर जाते. चौथीपर्यंत शिकले. पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले आणि पाटी सुटली ती सुटलीच. हे कोणी वाचायचं नाहीच, पण चुकून कोणाच्या हाती लागलं तर शुद्धलेखन पोटात घाला. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहिते.

आज सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं आणि ओल्या पानांचा वास आला. इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्स गावात गाड्यांच्या रस्त्यांपासून बाजूला, झाडांमधून, पायी चालणाऱ्यांसाठी लाल वाटा आहेत. ऑक्टोबर लागला की त्या वाटांवर पानं पडतात, भिजतात, सायकली त्यांच्यावरून जातात, कुत्री तिथेच उरकून घेतात, आणि मग सगळ्याचा मिळून एक तपकिरी लगदा होतो. लोक म्हणतात, काय सुंदर रंग! मला आधी बुटाच्या तळाला काय लागलं ते दिसतं. मी आहेच तशी. लहानपणी आई म्हणायची, या पोरीला देवाने दोन नाकं दिलीत.

पानांच्या वासाच्या पाठोपाठ मला गेल्या वर्षीचा वास आला. इथे तर विनाईल, म्हणजे ते स्टिकरचं चिकट प्लास्टिक, कुठेच नव्हतं, तरी आला. नव्या रेनकोटची घडी उघडल्यावर येतो तसा, गोडसर, डोकं धरणारा. दार लावून घेतलं आणि आल्याचा तुकडा चावला.

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे दोन हजार आठ साली, मी याच वाटेवरून काखेत लाल विनाईलचा गुंडाळा धरून जात होते. टीव्हीवर बँका बुडाल्याच्या बातम्या चालू होत्या. हे ज्या गोदामात काम करतात तिथला ओव्हरटाइम बंद झाला होता. मी ऑफिसांची सफाई करायची, त्यातली दोन ऑफिसं गेली होती. आणि माझ्या डोक्यावर सुलभावहिनींचे तीनशे पौंड होते.

सुलभावहिनी माझ्या चुलत जाऊबाई. त्यांचे यजमान, आमचे दादा, डॉक्टर; घर लंडनच्या पिनर भागात. यांना या देशात त्यांनीच आणलं, म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो की थोडे वाकूनच बसतो. गणपतीला मी त्यांच्या दारात रांगोळी काढली होती. तिरका पाऊस आला आणि आरती व्हायच्या आत रांगोळी गटारात गेली. वहिनी म्हणाल्या, "रंजना, काहीतरी टिकेल असं कर ना. स्टिकर कर! लक्ष्मीची पावलं. दिवाळीला पिनरमधली प्रत्येक बाई घेईल. तुमच्याकडे ते वर्कशॉप आहे ना, तिथे मशीन असतं. मी घालते पैसे. नंतर दे सावकाश."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण तोपर्यंत त्या पर्स घेऊन आल्या होत्या. सगळ्या बायकांदेखत त्यांनी तीनशे पौंड मोजले. नुकताच मोदक खाल्लेला. तुपाचं बोट जिभेला लावायच्या, नोट सरकवायच्या, पुन्हा बोट जिभेला. प्रत्येक नोटेवर थोडं तूप आणि थोडी थुंकी. त्या ओल्या नोटा मी हातात घेतल्या आणि हसले. माझं ते हसू मला अजून आठवतं. नोटांपेक्षा मला त्याचीच जास्त किळस येते.

त्या दिवसापासून वहिनींना एक वाक्य मिळालं. फोनवर, मंडळाच्या कार्यक्रमात, कोणाच्याही डोहाळजेवणात. "शी इज व्हेरी टॅलेंटेड हं, फक्त बोलत नाही. आम्हीच उभं केलं तिला." मी शेजारी वाट्या पुसत असायची. मला एवढंच हवं होतं की दिवाळीच्या कमाईतून ते पैसे परत त्यांच्या हातात ठेवावेत आणि ते वाक्य बंद व्हावं.

वर्कशॉप म्हणजे दोन राउंडअबाउट ओलांडल्यावर लागणारी एक पत्र्याची शेड. महिन्याची फी भरायची आणि आतली सगळी यंत्रं सगळ्यांची. ऐकायला छान वाटतं. पण जे सगळ्यांचं असतं ते पुसायचं काम कोणाचंच नसतं, हे मी सफाईवाली असून मला आत पाऊल टाकल्यावर कळलं. कोणी विमानांची मॉडेलं करायचे, कोणी सायकली उघडून बसायचे. जळक्या लाकडाचा वास, वंगणाचा वास, आणि त्या सगळ्याखाली ओल्या कुत्र्याचा वास, कारण एक सभासद आपला कुत्रा घेऊन यायचा. कोपऱ्यात सिंक होतं. त्यात चहाचे मग पडलेले होते. एका मगात चहावर हिरवी साय आली होती आणि तिच्यावर पांढरे केस उगवले होते. मी सहा आठवडे तिथे गेले. सहाही आठवडे तो मग तिथेच होता, आणि मीही तो धुतला नाही. धुतला असता तर पहिल्याच दिवशी मी तिथलीही सफाईवाली झाले असते.

विनाईल कापायचं यंत्र खिडकीपाशी होतं. ते शिकवायला कॉलिन नावाचा रिटायर झालेला माणूस असायचा. स्वभावाने गरीब. पण बोलताना तो चिप्स खायचा, आणि तीच बोटं माझ्या विनाईलवर फिरवायचा. लाल चकचकीत पृष्ठभागावर त्याचे तेलकट ठसे उमटायचे. "कप ऑफ टी, लव्ह?" तो रोज विचारायचा; इथली म्हातारी माणसं कोणाही बाईला लव्ह म्हणतात. मी त्या सिंककडे बघून रोज मान हलवायची. त्याला वाटायचं मी उपास करते.

यंत्र तसं सोपं. गुंडाळा मागे लावायचा, कंप्युटरवर चित्र द्यायचं, आणि एक इवलीशी सुरी पुढेमागे फिरून वरचं प्लास्टिक तेवढं कापते. खालचा कागद शाबूत राहतो. सुरी चालताना चिर्र चिर्र आवाज व्हायचा, आणि माझ्या दातांत शिरशिरी यायची. मग खरं काम. पावलाभोवतीचं नको ते प्लास्टिक आकड्याने उचलून सोलून काढायचं. भाजलेल्या कातडीची साल निघते तसं ते निघतं, हळूच, थोडं ताणून, आणि मध्येच तुटतं. बोटांच्या मधल्या फटींतले तुकडे सगळ्यात वाईट. ते इकडून काढले की तिकडे चिकटायचे. कोपराला, स्वेटरला, केसांना. चिकट बाजूवर कुत्र्याचे केस ओढल्यासारखे येऊन बसायचे. एकदा टेबलाखाली हात घातला तर कोणाचीतरी वापरलेली जखमेची पट्टी हाताला लागली. मी बाहेर जाऊन पानांत ओकले.

घरीही सुटका नव्हती. एके दिवशी जेवताना हे थांबले. तोंडात बोट घातलं आणि पोळीच्या घासातून एक लालभडक करंगळी बाहेर काढली. पायाची.

"हे काय?"

"लक्ष्मीचं बोट," मी म्हणाले.

त्यांनी ते ताटाच्या कडेला लावलं. "मग मी आता श्रीमंत होणार म्हणायचं," असं म्हणून पुढचा घास घेतला. यांना कशाचीच किळस येत नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता ती चूक. पावलं कशी काढतात ते आपल्याकडे पोरीबाळींनाही येतं. तांदळाच्या पिठाचं पाणी करायचं, मूठ मिटायची, करंगळीकडची कड त्यात बुडवून जमिनीवर टेकवायची. झाला तळवा. मग बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके. उजव्या मुठीचं उजवं पाऊल होतं, डाव्या मुठीचं डावं. विचार करावाच लागत नाही. दोन हात आहेत म्हणून दोन पाय होतात.

पहिल्या दिवशी कॉलिनने शाईचा पॅड आणि एक कोरा कागद पुढे ठेवला. मी उजवी मूठ टेकवली, बोटं काढली. तो खूश झाला. "ब्यूटिफुल!" मी डावी मूठ मिटून उचलली तोवर त्याने कागद उचलून स्कॅनरवर नेला होता. "वन्स इज इनफ, लव्ह. कंप्युटर विल डू द रेस्ट." मी काहीतरी म्हणायला हवं होतं. डावी मूठ मांडीवर तशीच मिटून बसले. मनात म्हटलं, एवढं शहाणं यंत्र आहे, पायांची जोडी असते हे त्याला माहीत असणारच.

नंतर सहा आठवडे ती पावलं माझ्या डोळ्यांसमोर होती. शेकड्यांनी. पण मी बघत होते ते केस, तेलाचे ठसे, कोपऱ्यात अडकलेला चिप्सचा चुरा. घाण एवढी बघत होते की पाय बघितलेच नाहीत.

दिवाळी आली त्याच आठवड्यात, इथे हिवाळ्यासाठी करतात तशी, घड्याळं तासभर मागे केली होती. चार वाजताच संध्याकाळ व्हायला लागलेली. वहिनींकडे फराळाला पन्नासएक माणसं. दारापासून हॉलमधून देव्हाऱ्यापर्यंत माझी पावलं चिकटवलेली. बऱ्याच घरांत गेली होती ती, पैसेही हातात आले होते. पाकीट तयार करून मी पर्समध्ये ठेवलं होतं. पाहुणे गेले की द्यायचं. तोवर स्वयंपाकघरात उष्ट्या ताटल्या रिकाम्या करत होते. अर्धी चकली दह्यात बुडवून सोडलेली, करंजीतलं सारण तेवढं उकरून खाल्लेलं, चिवड्यात कागदी रुमालाचा बोळा. वहिनी त्यातलंच बरं बरं निवडून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरत होत्या. "हे घेऊन जा गं, तुमच्याकडे लागतं."

तेवढ्यात हॉलमधून हसण्याचा मोठा आवाज आला. पाहुण्यांत एक हाडांचे डॉक्टर होते, दादांच्या हॉस्पिटलातले. ते गुडघ्यावर बसून जमिनीकडे बघत होते.

"वहिनी, जरा इकडे या. ही पेशंट कोण आहे तुमची?"

"काय झालं हो?" वहिनी हात पुसत गेल्या. मी त्यांच्या मागे दारात थांबले.

"काही नाही. सगळे उजवेच पाय आहेत. डावा कुठे गेला? ही लक्ष्मी लंगडी घालत आलेली दिसते."

सगळे खाली बघायला लागले. एकाने तर एक पाय वर धरून दारापासून देव्हाऱ्यापर्यंत उड्या मारून दाखवल्या. "परफेक्ट फिट!" लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खरं सांगते, दुसऱ्या कोणाचं असतं तर मीही हसले असते.

वहिनी हसल्या नाहीत आधी. मग सगळे हसतायत असं बघून हसल्या. "बघा ना! आमचे तीनशे पौंड गेले लंगडी खेळायला! रंजना, अगं बोल ना काहीतरी."

खोकला आल्यासारखं करून मी आत गेले आणि सिंकपाशी उभी राहिले. त्यात उष्टं दही हळूहळू खाली जात होतं.

ते पाकीट त्या दिवशी दिलं नाही. आठवड्याभरात ते रिकामं झालं, कारण ज्यांनी ज्यांनी पैसे दिले होते त्यांना मी ते परत केले. कोणी मागितले म्हणून नाही. एका पायाच्या देवीचे पैसे मला घरात ठेववेनात. मग पुन्हा त्या शेडमध्ये गेले, कॉलिनपुढे डावी मूठ धरली, आणि पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले, "धिस वन ऑल्सो." तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ओह, लव्ह. यू शुड हॅव सेड." हो. म्हणायला हवं होतं.

डावी पावलं मी घरोघरी फुकट पोचवली. कोणी लावली, कोणी ड्रॉवरमध्ये टाकली. वहिनींनी उजवी तशीच ठेवली. नव्या माणसाला गोष्ट सांगायला बरी पडायची. त्यांच्या वाक्याला आता शेपूट फुटलं होतं. "आम्हीच उभं केलं तिला, ती एका पायावर उभी राहिली!"

हिवाळा लागला. लंगड्या पायांपेक्षा वाईट काय असतं ते मला तेव्हा कळलं. उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर लावलेली पावलं तिथेच राहिली. रांगोळी आपण काढतो आणि दुसऱ्या दिवशी केर काढताना ती जाते. बायका पुन्हा नवी काढतात. ती जाते म्हणूनच स्वच्छ असते हे मला कधी सुचलंच नव्हतं, कारण न जाणारी रांगोळी मी पाहिली नव्हती. मीच ती बनवली. डिसेंबरात पोस्टमनचे बूट त्या पावलांवरून गेले, जानेवारीत, वितळावा म्हणून मीठ टाकलेला बर्फ. कडा उचलल्या गेल्या, खालचा गोंद उघडा पडला आणि त्याने जे येईल ते धरून ठेवलं. माती, केस, पक्ष्यांची पिसं. एका घरी सकाळी बघितलं, लक्ष्मीच्या अंगठ्यावर शंख नसलेली गोगलगाय बसली होती, बोटभर लांब, काळी, आणि दारापासून तिथपर्यंत तिचा चकचकीत शेंबडासारखा माग. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "निघतच नाही हो ते. नखं तुटली माझी. देवाची पावलं, घासायलाही नको वाटतं."

मी म्हणाले, "मी काढते."

हेअर ड्रायरने गरम करायचं, पातळ पट्टीने कड उचलायची, आणि न थांबता एकाच कोनात ओढायचं. गोंद राहिला तर खोबरेल तेल लावून फडक्याने पुसायचं. गरम झाल्यावर तो वास पुन्हा यायचा, आता त्यात भिजलेल्या पायपुसण्याचा वास मिसळलेला. नाकावर ओढणी बांधून मी ते केलं. बाईंनी वीस पौंड पुढे केले. लावायचे सहा देताना त्यांनी घासाघीस केली होती. काढायचे वीस त्यांनी हसत दिले, वर चहा दिला, स्वच्छ कपात.

मग एकीने दुसरीला सांगितलं. वर्षभर मी पिनरमधल्या दारादारांत ओणवी बसून माझंच काम खरवडत होते. नखात गोंद, गुडघ्याला ओल. प्रत्येक घरी घाण वेगळी, पण किळस तीच. मिळालेले पैसे महिन्याच्या शेवटी वहिनींना द्यायची. त्या दरवेळी म्हणायच्या, "असू दे गं, घाई काय आहे," आणि दरवेळी घ्यायच्या. वीस पौंड राहिले होते.

परवा त्यांचा फोन आला. यंदा दिवाळी लवकर आहे. "रंजना, ते तुझे पाय काढून दे बाई. पॉलिश करून घ्यायचंय फ्लोअरचं. सगळ्यांचे काढलेस, आमचेच राहिले."

काल गेले. हे कामावर होते, म्हणून ट्रेनने गेले. हेअर ड्रायर पिशवीत. दारापासून सुरुवात केली. त्यांच्या हॉलमध्ये गालिचा नाही, तरी कोणत्याही घरात असतं ते सगळं त्या गोंदावर होतं. लांब केस वहिनींचे, आखूड दादांचे, बिस्किटाचा चुरा, एक नख. उजवा, उजवा, उजवा. मी एकेक सोलत देव्हाऱ्यापर्यंत गेले. मागे लाकडावर फिकट पावलं राहिली होती, कारण तेवढ्या जागी ऊन लागलं नव्हतं. ती निघणार नाहीत. पॉलिशवाला काय करायचं ते करेल.

वहिनी सोफ्यावर बसून कोणाशी फोनवर बोलत होत्या. "हो हो, तीच. आम्हीच उभं केलं तिला." मी पुढ्यात गुडघ्यांवर होते.

काम झालं. सोललेली पावलं मी वर्तमानपत्रात गुंडाळली. वहिनींनी पर्समधून वीसची नोट काढली. "हे घे. नाही म्हणू नकोस."

मी घेतली. हात धुतलेले नव्हते. बोटांना काळा गोंद, त्यावर केस. नोट माझ्या अंगठ्याला चिकटली. मी ती सोडवली आणि परत त्यांच्यापुढे धरली.

"हे तुमचे राहिलेले वीस, वहिनी. तीनशे पुरे झाले."

त्यांनी ती घेतली. सवयीने बोट जिभेला लावलं, जणू मोजायला अजून खूप आहेत. एकच होती. त्यांनी तोंड वाकडं केलं, जिभेला गोंदाची चव लागली असावी. नोट पर्समध्ये टाकायला गेल्या तर ती बोटाची सुटेना. त्यांनी हात झटकला, पुन्हा झटकला.

"शी! काय लागलंय गं हिला?"

"तुमच्याच घरातलं आहे," मी म्हणाले, आणि बूट घातले.